फोर्ड मॉडेल ए (१९२९): बॉनेट वर घासतं, खाली उघडं राहतं, आणि वर धरून ठेवायचं कसं?

सूतभर_फट (प्रश्न)

गाडी १९२९ ची मॉडेल ए फेटन (कापडी छताची उघडी गाडी), उजव्या स्टिअरिंगची. रेडिएटरची जाळी नवी भरून घेतली, रंग झाला, आणि आता बॉनेट जागेवर बसत नाही. रंगाआधी ठीक बसत होतं. फटी फीलर गेजने मोजल्या आहेत, दोन्ही बाजूंना जवळपास सारख्याच येतात:

मागे, काऊलपाशी (काचेपुढचा पत्रा): मधल्या सळीजवळ (बॉनेटचे दोन भाग जिच्यावर दुमडतात ती) १ मिमी, खाली शेवटाला ४ मिमी.
पुढे, रेडिएटर शेलपाशी (रेडिएटरचं बाहेरचं कवच): वर १ मिमी, खाली ३ मिमी.

शिवाय डाव्या बाजूचा मागचा कोपरा काऊलच्या वर एक सूत (सुमारे ३ मिमी) उठलेला राहतो. तिथला खटका लावायचा तर एकाने कोपरा दाबून धरावा लागतो. दाबला की बसतो, पण खटका सोडला की टुणकन वर.

रंगारी म्हणतो मागची कड ३ मिमी घासून टाकू. मिस्त्री म्हणतो उठलेल्या कोपऱ्याखाली दुहेरी सुती पट्टी भरू, हलणार नाही. दोन्ही पटत नाही.

दुसरा प्रश्न उघड्या बॉनेटचा. सध्या एक लाकडी काठी मॅनिफोल्डच्या बोल्टवर टेकवून वरचा पत्रा धरतो. वाऱ्याने काठी सरकते. पूर्ण उलटून दुसऱ्या बाजूवर टाकायचं धाडस होत नाही, रंग नवा आहे. कायमचा उपाय काय?

पत्रा_आणि_पाना

कड घासू नका. रंगाआधी बसत होतं ते रंगानंतर बसत नाही, म्हणजे पत्रा वाढलेला नाही, जागा हलली आहे. आणि मधल्या काळात हललेली वस्तू एकच: रेडिएटर.

तुमचीच मापं बघा. वरच्या दोन फटींची बेरीज २ मिमी, खालच्या दोन्हींची ७. पुढे-मागे एकेक सूत, म्हणजे ३-३ मिमी धरलं तर बेरीज ६ च्या आसपास हवी. खालची बेरीज बरोबर आहे, वरची ४ मिमीने कमी आहे. म्हणजे शेलचं डोकं मागे झुकलंय. मॉडेल ए मध्ये रेडिएटरच्या दोन्ही अंगांना वरून फायरवॉलपर्यंत (इंजिनामागचा आडवा पत्रा) जाणाऱ्या दोन आधार-सळ्या असतात, टोकांना आटे आणि नट. रेडिएटर परत बसवताना बहुतेक जण हे नट 'घट्ट करायचे' म्हणून करकचून ओढतात. त्या सळ्या रेडिएटरला धरून ठेवण्यासाठी आहेत, ओढण्यासाठी नाहीत.

कामाचा क्रम असा ठेवा:

१. बॉनेट पूर्ण उतरवा. दोन माणसं लागतात. आधी चारही खटके सोडा, मग मधल्या सळीच्या पुढच्या-मागच्या टोकांचे ब्रॅकेट मोकळे करा. दोन्ही बाजू घडी करून एकत्र उचला. एकट्याने उचललं की कोपरा शेलवर आपटलाच म्हणून समजा.

२. रेडिएटरच्या खालचे दोन बोल्ट तपासा. त्यांच्यावर स्प्रिंग असते आणि नटाला स्प्लिट पिन. स्प्रिंग पूर्ण चेपली असेल तर नट जास्त आवळलेला आहे. चासीचा (गाडीच्या सांगाड्याचा) पीळ थेट रेडिएटरच्या डाग दिलेल्या (सोल्डरच्या) सांध्यांवर जातो आणि महिन्याभरात गळती सुरू. स्प्रिंगला थोडी हालचाल हवी.

३. रेडिएटर आणि क्रॉस मेंबरच्या (चासीच्या आडव्या तुळईच्या) मध्ये किती पॅड आहेत ते दोन्ही बाजूंना मोजा. तुमच्या डाव्या कोपऱ्याचं उत्तर बहुधा इथेच आहे, खाली सांगतो.

४. आधार-सळ्यांचे नट सैल करून शेलचं डोकं ४ मिमी पुढे घ्या. दोन्ही सळ्या सारख्याच फिरवा, एका वेळी पाव फेरा. एकच फिरवली तर शेलला पीळ बसतो आणि वरून पाहिलं की तो बॉनेटला काटकोनात राहत नाही. हे करताना पंख्याची पाती आणि जाळी यांतलं अंतर बघत राहा. अर्ध्या इंचापेक्षा कमी नको. वॉटर पंपाचा शाफ्ट पुढे-मागे हलत असेल तर आधी ते दुरुस्त करा, नाहीतर नव्या जाळीवर पात्याची वर्तुळं उमटतील.

५. बॉनेट ठेवा, खटके न लावता. चारही कोपरे नुसत्या वजनावर बसले पाहिजेत. खटक्याने ओढून बसवलेलं बॉनेट सहा महिन्यांत बिजागरीच्या टोकापाशी तडकतं.

आता डावा मागचा कोपरा. अर्धं बॉनेट मधल्या सळीभोवती फिरतं आणि खाली येताना पुढच्या कमानीला (शेलच्या कडेला) किंवा मागच्या कमानीला (काऊलच्या कडेला), जी आधी लागेल तिला टेकतं. तुमचं मागे उठलंय, म्हणजे पुढे आधी टेकतंय. जाड कागदाची पट्टी डाव्या पुढच्या कोपऱ्याखाली घाला. घट्ट अडकली तर शेलची डावी बाजू उंच आहे. मग रेडिएटरच्या डाव्या पायाखालचा एक पॅड काढा. पट्टी तिथेही सैल सरकली तर दोष पत्र्याच्या पिळाचा. तो बघायला पत्रा उतरवून दोन लाकडी घोड्यांवर (तिवयांवर) ठेवा, पुढच्या आणि मागच्या टोकाला एकेक सरळ पट्टी आडवी टाका आणि एका पट्टीच्या कडेवरून दुसरीकडे डोळा लावा. कडा समांतर दिसल्या तर पीळ नाही.

दुहेरी पट्टीचा सल्ला देणाऱ्या मिस्त्रीला चहा पाजा आणि घरी पाठवा.

दोरी_लावून_बघा

वरच्यांचं बरोबर आहे, पण एक पायरी आधी आहे आणि ती सगळे टाळतात. सळ्यांना हात लावण्यापूर्वी चासी सरळ आहे का ते बघा. मॉडेल ए च्या चासीचा रूळ (लांबीतली बाजूची तुळई) इंजिनच्या मागच्या माउंटपाशी खाली बसतो. नव्वदएक वर्षांचं वजन तिथेच आहे. मधे झोल आला की पुढचं टोक वर-मागे कलतं, रेडिएटरचं डोकं काऊलकडे येतं, आणि लक्षण अगदी तुमच्यासारखंच दिसतं: वर फट बंद, खाली उघडी.

गाडी सपाट फरशीवर घ्या, चाकांवरच. रुळाच्या वरच्या बाजूला पुढच्या क्रॉस मेंबरपासून मागच्यापर्यंत बारीक दोरी ताणा. मांजाही चालतो, तो झोल घेत नाही. दोन्ही टोकांना एकाच जाडीचे ठोकळे ठेवून दोरी उचला आणि मधे मोजा. ठोकळ्याच्या जाडीपेक्षा एका सुतापर्यंत फरक आला तर सळ्यांनी आणि पॅडनी सावरता येतं. दोन सूत किंवा जास्त असेल तर सळ्या फिरवणं म्हणजे नुसती मलमपट्टी. दरवाज्यांच्या फटीही बघा: झोल असेल तर दरवाज्याची फट वर आणि खाली सारखी राहत नाही.

इथे मात्र गाडीने स्वतःच सांगितलंय की रंगाआधी बॉनेट बसत होतं. त्यामुळे झोल असला तरी नवा नाही. रेडिएटरच आधी.

काऊलखालच्या बॉडी ब्लॉकांना (बॉडी ज्यांवर बसते ते ठोकळे) शिम (पातळ चकत्या) लावून काऊल उचलायचा मोह होईल. तो शेवटी. तिथे सूतभर उचललं की पुढचा दरवाजा, विंडस्क्रीनचे खांब आणि स्टिअरिंग कॉलमचा कोन, सगळं हलतं.

आणखी एक. मडगार्ड आणि खालच्या स्प्लॅश एप्रनचे (चिखल अडवणाऱ्या पत्र्याचे) बोल्ट पूर्ण आवळले असतील तर सैल करा, कारण खटके त्याच पत्र्यावर आहेत. बॉनेट नुसत्या वजनावर बसलं की खटक्यांची जागा ठरवा आणि मग एप्रन, मग मडगार्ड आवळा. उलट क्रमाने केलं की खटका बॉनेटला स्वतःकडे ओढतो आणि आपण दोष पत्र्याला देतो.

नवार_एक_सूत

पट्टीबद्दल कोणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. अर्धी बॉनेटं पट्टीमुळेच बसत नाहीत.

शेलच्या आणि काऊलच्या कडेवर जी विणलेली सुती पट्टी असते, तिचं काम दोन पत्रे एकमेकांना लागू न देणं एवढंच. ती गादी नव्हे. जाडी साधारण एक सूत, एकच थर. बाजारात मिळणाऱ्या रबरी बीडिंगच्या नादी लागू नका. रबर दाबलं की परत उसळतं, तुमचा कोपरा 'टुणकन' वर येतो तो काही अंशी याचाही प्रकार असू शकतो. रबर उन्हात रंगालाही चिकटतं. शेवटी बॉनेट उचलताना पापुद्र्यासकट निघतं.

परदेशी पार्टवाल्यांकडून मागवताना लक्षात ठेवा, अमेरिकन कॅटलॉगात बॉनेटला 'हूड' म्हणतात. आपल्याकडे हूड म्हणजे वरचं कापडी छत. फेटनला दोन्ही असतं, त्यामुळे 'हूड लेसिंग' म्हणजे बॉनेटची पट्टी आणि 'टॉप' म्हणजे छत हे डोक्यात पक्कं करून मगच ऑर्डर द्या. चुकीची पार्सलं परत पाठवणं महाग पडतं. आणि १९२८-२९ चं बॉनेट आणि १९३०-३१ चं बॉनेट एकमेकांच्या जागी बसत नाही, शेल आणि काऊल दोन्ही बदलले होते. साल न सांगता काही मागवू नका.

इथलीच पट्टी वापरायची तर खाटेची नवार जाड आणि ढिली पडते. कंदिलाची रुंद सपाट वात विणीला जवळची असते, एक सूत जाडीची मिळाली तर उत्तम. नायलॉनचा पट्टा पाणी धरत नाही हे खरं, पण तो गुळगुळीत असतो, रिव्हेट सैल झाले की सरकतो आणि कड धारदार होते. मला सुतीच बरी वाटते.

लावायची पद्धत: कडेचा पत्रा आधी प्रायमर आणि पातळ रंगाने पूर्ण बंद करा, भोकांच्या आतल्या कडांसकट. पट्टी वितळलेल्या पॅराफिन मेणातून काढून निथळवा आणि वाळवा. मेण दोन कामं करतं, पाणी आत शिरू देत नाही आणि चरचर बंद करतं. मग मधल्या सळीपासून सुरू करून दोन्ही बाजूंना खाली जा. खालून वर आलात तर मधे फुगा राहतो. सळीच्या जागी पट्टी एकमेकांवर चढवू नका, तिथे दोन टोकं नुसती समोरासमोर. रिव्हेटचं डोकं विणीच्या खाली बुडलं पाहिजे. वर राहिलं तर पहिल्याच फेरीत बॉनेटच्या आतल्या रंगावर ओळीने खुणा पडतात.

कोकणात किंवा मुंबईत गाडी असेल तर पावसाळ्यात आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून कडा कोरड्या करा. सुती पट्टी ओली राहिली की काऊलची कड आतून खाल्ली जाते आणि बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

काठी_नको

दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी आलंच नाही.

आधी ती लाकडी काठी मॅनिफोल्डवरून काढा. कार्बुरेटर त्याच बाजूला आहे. गरम लोखंडावर लाकूड टेकवून शिवाय पेट्रोलचा बाऊल उघडायचा, हे जमणारं काम नाही.

दोन मार्ग आहेत.

पहिला, पूर्ण उलटून टाकणं. मॉडेल ए चं बॉनेट चार पत्र्यांचं, तीन बिजागऱ्यांचं. बाजूचा पत्रा घडी करून वरच्या पत्र्यासकट दुसऱ्या अंगावर झोपवायची सोय त्यात आहे. भीती रंगाची आहे, आणि ती रास्त आहे. इंजिन बंद, गाडी सावलीत ठेवून एकदा अगदी सावकाश घडी घालून बघा. कडी कुठे टेकते, बाजूच्या पत्र्याची खालची कड कुठे टेकते, तिथे मास्किंग टेप चिकटवून खूण करा. एवढ्याच जागांना संरक्षण लागतं. चार पदरी गोधडी सर्वांत उत्तम, फक्त तिला बटण किंवा चेन नको, आणि आधी झटका: वाळूचा एक कण पुरतो. वारा असेल तर झोपवलेल्या पत्र्याच्या कडेला मऊ सुती नाडी अडकवून बंद बाजूच्या कडीला बांधा. वाऱ्याने घडी परत उलटली तर ती थेट तुमच्या मानेवर येते.

दुसरा मार्ग, अर्धवट उघडून टेकू देणं. रोजच्या तपासणीला, तेल बघायला, प्लग काढायला हा पुरतो. टेकू मॅनिफोल्डवर नाही, मडगार्डवर नाही, रेडिएटरच्या आधार-सळीवर बसवायचा. लागणारं सामान:

- ६ मिमी गोल लोखंडी सळी, साधारण ५० सेंमी. जास्तच घ्या, नंतर कापा
- आतून रबर असलेला पी-क्लिप (सळीभोवती बसणारा पत्र्याचा आकडा), आधार-सळीच्या जाडीचा
- एम६ बोल्ट, नायलॉक (आपोआप सैल न होणारा) नट, दोन वॉशर
- पेट्रोलची रबरी नळी, १० सेंमी

सळीचं एक टोक गोल वळवून डोळा करा, तो बोल्टने पी-क्लिपला जोडा. नट इतकाच आवळा की सळी हाताने फिरेल पण स्वतःहून पडणार नाही. दुसरं टोक इंग्रजी यू सारखं वळवा आणि त्यावर रबरी नळी चढवा. यूच्या खाचेत घडी केलेल्या पत्र्याची कड बसते, म्हणून खाच पत्र्याच्या दुहेरी जाडीपेक्षा रबरासकट २ मिमी मोठी. लांबी ठरवताना एकाने बॉनेट हव्या त्या उंचीला धरावं आणि दुसऱ्याने जागेवर मोजावं. टेकू उभा राहिला पाहिजे, किंचित आत झुकलेला. बाहेर झुकला तर धक्क्याने सुटतो. वापर नसताना सळी आधार-सळीलाच समांतर झोपवून दुसऱ्या पी-क्लिपमध्ये अडकवा, पंख्यापासून आणि प्लगच्या पितळी पट्ट्यांपासून लांब.

पी-क्लिप बसवताना आधार-सळीचे नट हलू देऊ नका, नाहीतर वर सगळ्यांनी सांगितलेलं परत करावं लागेल.

बॉनेटला भोक पाडून टेकू लावणारे भेटतील. नाही म्हणा. भोकापासून तडा सुरू होतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज गाड्यांच्या व्हीए मालिकेत नोंदणी करायची असेल तर गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडीशेल किंवा इंजिनात मोठा फेरबदल चालत नाही. एका भोकाने नोंदणी अडणार नाही, पण पाना लावून काढता येणारा टेकू असताना भोक कशाला?

पत्रा_आणि_पाना

टेकू छान. एक धोक्याची गोष्ट राहिली, ती ठळक समजा.

मॉडेल ए ची पेट्रोलची टाकी काऊलमध्येच आहे. बॉनेटची मागची कड ज्यावर टेकते त्याच्या मागे लगेच पेट्रोल. म्हणून मागच्या ब्रॅकेटचं किंवा काऊलच्या कडेचं वेल्डिंग गाडीवर करायचं नाही. टाकी रिकामी केली तरी नाही, कारण वाफ राहते आणि पेटते ती वाफच. बॉनेटचा तडा जोडायचा तर पत्रा उतरवून, गाडीपासून लांब नेऊन. तड्याच्या टोकाला आधी ३ मिमी भोक पाडा म्हणजे तो पुढे पळत नाही, मग टिग वेल्डिंग, मग डॉली-हातोड्याने सपाट. ग्राइंडरच्या ठिणग्यांनाही हाच नियम.

सूतभर_फट

सगळ्यांचे आभार. दोरी लावली: दोन्ही रुळांना मधे साधारण २ मिमी, म्हणजे सुताच्या आत. बॉनेट उतरवलं. डाव्या पायाखाली दोन पॅड निघाले, उजव्या खाली एक. डाव्या बोल्टची स्प्रिंग पूर्ण चेपलेली. जास्तीचा पॅड काढला, स्प्रिंग मोकळी केली, सळ्या पाव-पाव फेऱ्याने फिरवून डोकं ४ मिमी पुढे घेतलं. पंखा आणि जाळीत पाऊण इंच आहे.

आता वर ३ आणि ३, खाली मागे ३.५ आणि पुढे ३. डावा मागचा कोपरा नुसत्या वजनावर बसतो. फक्त मधली सळी बाहेर काढून साफ करायची होती, ती हलत नाही. दोन्ही वरच्या पत्र्यांच्या गुंडाळीत (सळी जिच्यातून जाते ती वळवलेली कड) रंग गेलाय. हातोडीने ठोकू का?

दोरी_लावून_बघा

ठोकू नका. सळीचं टोक चेपलं की ती कुठल्याच बाजूने निघत नाही.

गुंडाळीच्या प्रत्येक सांध्यावर गंज सोडवणारं तेल थेंब-थेंब टाका आणि रात्रभर ठेवा. बाजूच्या रंगावर आधी टेप लावा, काही तेलं नवा रंग मऊ करतात. दुसऱ्या दिवशी सळीचं पुढचं टोक इलेक्ट्रिक ड्रिलच्या चकमध्ये पकडा. अगदी कमी वेगाने, आधी उलट मग सुलट फिरवा. फिरायला लागली की फिरवतच हळूहळू ओढा. नुसती ओढली तर अडकते, फिरवत ओढली तर रंगाचा भुगा पडत बाहेर येते. बॉनेट तेव्हा टेबलावर, गोधडीवर.

नवी सळी घ्यायची झाली तर जुनी मापून घेऊ नका, ती झिजलेली असते. गुंडाळीत ड्रिलची बिटं एकेक करून घालून बघा. जे बीट अडखळत नाही आणि डुगडुगतही नाही, त्या जाडीची सळी. सरळ करून, टोकं किंचित निमुळती घासून घाला. तेल पातळ लावा, ग्रीस नको. ग्रीस धूळ धरतं आणि बिजागरीत घासकागद तयार होतो.

नवार_एक_सूत

सळी बाहेर आहे तोवर एक करून टाका. मधल्या बिजागरीतून पावसाचं पाणी आत ठिबकतं आणि या इंजिनात डिस्ट्रिब्युटर (प्लगना वीज वाटणारा भाग) नेमका खाली, हेडच्या मधोमध वर उभा आहे. भर पावसात गाडी फटफट करून बंद पडते आणि लोक कार्बुरेटर उघडून बसतात. सळी घालताना गुंडाळीला आतून मेण चोळा. ते पाणी पूर्ण थांबवत नाही, कमी करतं. पाऊस असताना डिस्ट्रिब्युटरवर पातळ रबराची टोपी घाला, पण तिच्या कडा प्लगच्या पितळी पट्ट्यांना लागता कामा नयेत, आणि पाऊस थांबला की काढा, आत वाफ धरते.